दाराजवळची खुर्ची: यातना सोसून आलेल्या निर्वासितांवर उपचार कसे होतात

यातनापीडितांच्या केंद्रात नवा माणूस येतो तेव्हा पहिला निर्णय डॉक्टर घेत नाहीत, तो माणूस घेतो: बसायचं कुठे. खोलीत सारख्या उंचीच्या तीन-चार खुर्च्या असतात. मध्ये टेबल नसतं. एक खुर्ची दाराजवळ असते आणि तिच्यावर डॉक्टर कधीच बसत नाहीत, कारण आलेला माणूस आणि दार यांच्यामध्ये कुणी असता कामा नये. दाराला कडी घालत नाहीत. दिवा तोंडावर येत नाही. काही लिहून घ्यायचं असेल तर आधी विचारतात आणि लिहिलेलं त्यालाही दिसेल अशी वही धरतात.

हा केवळ सौजन्याचा भाग नाही. चौकशीची खोली आणि दवाखान्याची खोली यांत साम्य फार आहे. दोन्हीकडे बंद दार, एक प्रश्न विचारणारा आणि एक उत्तरं देणारा, कपडे काढायला सांगणं, अंगाला वायरी लावणं. शिवाय कित्येक देशांत यातना देताना डॉक्टर शेजारी उभा असतो. कैदी अजून किती सहन करेल हे सांगायचं त्याचं काम. तेव्हा पांढरा कोट पाहून पेशंटला धीर येईल हे इथे गृहीत धरता येत नाही. यातनेत वेदना असतेच, पण कधी झोपायचं, कधी लघवीला जायचं, कधी तोंड उघडायचं हेसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर जातं. ते एकेक करून परत त्याच्या हातात द्यायचं, एवढं एक सूत्र धरलं की या सेवांमधल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टी समजतात.

छळ आणि यातना

रोजच्या बोलण्यात आपण ‘छळ’ हा शब्द फार सैल वापरतो, साध्या कटकटीलाही छळ म्हणतो. कायद्यातला अर्थ घट्ट आहे. संयुक्त राष्ट्रांचा यातनाविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला गेला आणि २६ जून १९८७ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्या कलमानुसार चार गोष्टी जुळाव्या लागतात: शारीरिक किंवा मानसिक वेदना तीव्र असावी, ती जाणूनबुजून दिलेली असावी, मागे काही हेतू असावा (कबुली, माहिती, शिक्षा, दहशत किंवा भेदभाव), आणि देणारा सरकारी माणूस असावा किंवा त्याची निदान मूक संमती तरी असावी.

उपचार करणाऱ्यांच्या दृष्टीने चौथी अट सगळ्यात महत्त्वाची. चोराने मारलं तर माणूस पोलिसात जातो. इथे मारणाराच पोलीस, सैनिक नाहीतर तुरुंगाधिकारी. त्यामुळे गणवेश, शिक्का, अर्ज, खिडकीमागचा कारकून, सगळ्यांवरचा भरवसा गेलेला असतो. आणि परक्या देशात आश्रय मागायचा तर पहिल्या दिवसापासून नेमकं यांच्याच दारात उभं राहावं लागतं.

याच कराराच्या १४व्या कलमात पीडिताला भरपाईचा आणि शक्य तितक्या पूर्ण पुनर्वसनाचा हक्क दिला आहे. २०१२ साली करारावर देखरेख करणाऱ्या समितीने त्याचा खुलासा केला: पुनर्वसनात वैद्यकीय, मानसिक, कायदेशीर आणि सामाजिक मदत सगळी आली, आणि ती मिळण्यासाठी पीडिताने तक्रार केलेली असणं किंवा गुन्हेगार सापडलेला असणं गरजेचं नाही. या कामाची सुरुवात मात्र करारापेक्षा जुनी आहे. १९७४च्या सुमारास डेन्मार्कमध्ये डॉ. इंगे गेनेफके आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी यातना सोसलेल्यांची तपासणी सुरू केली, आणि १९८२ साली कोपनहेगनमध्ये पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. मधल्या काळात, १९८१ साली, संयुक्त राष्ट्रांनी यातनापीडितांसाठी ऐच्छिक निधी काढला. १९८५ साली लंडन आणि अमेरिकेतल्या मिनेसोटात केंद्रं सुरू झाली, दशक संपता संपता सिडनी आणि मेलबर्नमध्ये.

माणूस ओळखायचा कसा

‘माझ्यावर अत्याचार झाले’ असं सांगत कुणी येत नाही. येतात ते डोकेदुखी, पाठदुखी, टाचदुखी, पोटातली जळजळ घेऊन. लाज असते, विशेषतः लैंगिक अत्याचार झालेला असेल तर. आणि तो पुरुषांवरही होतो हे विसरून चालत नाही. मागे राहिलेल्या घरच्यांची भीती असते. काहींना तर जे झालं ते ‘यातना’ या शब्दात बसतं हेच माहीत नसतं, कारण त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येक कैद्याचं तेच झालेलं असतं.

म्हणून पहिल्या भेटीत ‘तुम्हाला छळलं का?’ असं थेट विचारत नाहीत. विचारतात: ‘तुम्ही कधी अटकेत होता का? तिथे कसं वागवलं?’ एवढ्यावर थांबतात. उत्तर आज आलं नाही तर पुढच्या खेपेला येईल.

डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी युरोपात ‘प्रोटेक्ट’ नावाची दहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली तयार झाली आहे. तिच्यात काय घडलं हे विचारतच नाहीत. झोप लागते का, वाईट स्वप्नं पडतात का, डोकं दुखतं का, अंगात इतर वेदना आहेत का, पटकन राग येतो का, जुन्या गोष्टी आठवत राहतात का, भीती वाटते का, रोजच्या गोष्टी विसरता का, रस उडाला आहे का, लक्ष लागत नाही का. तीनपर्यंत ‘हो’ आली तर धोका कमी, चार ते सात मध्यम, आठ ते दहा जास्त. मध्यम किंवा जास्त आलं की तज्ज्ञाकडे पाठवायचं. हे निदान नव्हे आणि यातना झाल्याचा पुरावाही नव्हे. गफलत होते ती उलट्या बाजूने: ‘नाही’ जास्त आली म्हणून कुणाला काही झालंच नाही असा शेरा मारला जातो. पहिल्या आठवड्यात सुटकेच्या आनंदात माणूस ठणठणीत दिसतो, तिसऱ्या महिन्यात कोसळतो. प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागते.

सुरुवातीचे आठवडे बहुतेक वेळ ज्याला आपण उपचार म्हणणार नाही अशा कामांत जातो. रात्री झोपायची जागा सुरक्षित आहे का, खोलीला आतून कडी आहे का, आश्रयाच्या अर्जाची मुदत कधी संपते, वकील आहे का, फोनला रिचार्ज आहे का. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध रेडक्रॉसच्या शोधसेवेमार्फत सुरू करता येतो. तो अर्ज भरायला सोबत बसायचं. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला आठवणी उकरायला लावणं हा अडाणीपणा आहे.

तिसरी खुर्ची दुभाष्याची

या कामात सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो तो भाग हा. दुभाषी म्हणजे शब्द इकडचे तिकडे करणारं यंत्र, असं समजून कुणालाही बसवलं जातं. नवरा, मुलगी, शेजारी, त्याच देशाचा कुणी ओळखीचा. मुलीसमोर बाप काय बोलणार? आणि मुलगी जे ऐकेल ते आयुष्यभर तिच्या डोक्यात राहील. घरच्यांना दुभाषी म्हणून बसवायचं नाही, मुलांना तर कधीच नाही, या नियमाला जिवावरच्या तातडीखेरीज अपवाद नसावा.

देश तोच असून चालत नाही. पीडित आणि दुभाषी संघर्षाच्या दोन बाजूंचे निघाले तर उच्चारावरून एका मिनिटात कळतं आणि माणूस गप्प होतो. म्हणून भाषा, बोली, स्त्री की पुरुष हवा हे आधीच पेशंटला विचारतात. समाज लहान असेल, सगळे सगळ्यांना ओळखत असतील, तर दुसऱ्या शहरातला दुभाषी फोनवर घेतात आणि पेशंटचं नाव त्याला सांगत नाहीत.

भेटीआधी दुभाष्याला दहा मिनिटं द्यायची: आज कशाबद्दल बोलणार, कुठले शब्द येतील. बसायची रचना त्रिकोणी, पण डॉक्टरांची नजर पेशंटकडे. बोलायचं थेट: ‘तुम्हाला झोप लागते का?’, ‘त्यांना विचारा, झोप लागते का’ असं नाही. दुभाषीही ‘मी’ म्हणूनच सांगतो: ‘मला झोप लागत नाही.’ हा ‘मी’ दुभाष्याला जड जातो. दिवसभरात चार जणांच्या कोठडीतून तो ‘मी’ म्हणत फिरून येतो, म्हणून भेटीनंतर पुन्हा दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवायची. वाक्यं छोटी, एका वेळी एक-दोन. सगळं दोनदा बोललं जात असल्यामुळे वेळ जवळपास दुप्पट धरावा लागतो. पाऊण तासाची भेट दीड तासाची होते. वेळापत्रक करणाऱ्याने हे धरलं नाही की शेवटच्या पंधरा मिनिटांत घाई होते, आणि अवघड गोष्टी नेमक्या शेवटी बाहेर पडतात. शक्यतो शेवटपर्यंत दुभाषी एकच ठेवावा.

शरीर

मनावरच्या आघाताची चर्चा इतकी होते की शरीराकडे दुर्लक्ष होतं. ‘सगळं मानसिक आहे’ असा शेरा मिळालेल्या कित्येकांना प्रत्यक्षात तुटलेली ऊती, दबलेली नस किंवा फुटलेला कानाचा पडदा असतो.

तळपायांवर काठीने मारण्याचं उदाहरण जवळून पाहू. याला फलांगा म्हणतात. टाचेखाली चरबीची गादी असते, पण ती सैल नसते. मजबूत तंतूंच्या कप्प्याकप्प्यांत ही चरबी बंद केलेली असते, म्हणून ती दाब झेलते. वारंवार मारल्याने कप्प्यांच्या भिंती फाटतात. वरून सूज उतरते, कातडी बरी होते, एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. पण माणूस उभा राहिला की टाच कडेने पसरते, आणि बोटाने दाबलं तर गादीऐवजी थेट हाड लागतं. पावलाच्या तळाशी टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा असतो, तोही दुखावलेला असू शकतो. अंगठा वर ओढून तळवा चाचपला की ते कळतं. असा माणूस पाऊल सपाट, अखडून टाकतो. त्यामुळे पोटऱ्या, गुडघे, कंबर एकेक करून दुखायला लागतात. कंबरदुखीची गोळी देऊन हा माणूस बरा होणार नाही. त्याला हवे मऊ, टाचेला आधार देणारे बूट, आतली उशीदार गादी, पोटऱ्यांचे ताण, तोल सावरण्याचा सराव आणि चालणं नव्याने शिकवणारा फिजिओथेरपिस्ट. गेलेली गादी परत येत नाही, पण चालायचं अंतर वाढतं.

हात मागे बांधून टांगलेल्यांमध्ये खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं ओढलं जातं. हात उचलता येत नाही, बोटं बधिर राहतात. भिंतीवर दोन्ही तळवे टेकून ढकलायला सांगितलं की कधी एका बाजूचं खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं. त्या पात्याला छातीशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस दुखावल्याची ती खूण. दोन्ही कानांवर एकदम थापड मारल्याने पडदा फाटतो आणि ऐकू कमी येतं. मग भाषेच्या वर्गात ‘हा शिकतच नाही’ म्हणतात. डोक्याला मार बसून शुद्ध गेली होती का, किती वेळ, हे प्रत्येकाला विचारायला हवं. विसरभोळेपणा आणि चिडचिड मेंदूच्या दुखापतीतूनही येते. विजेचे झटके, पाण्यात बुडवणं, झोपू न देणं, पोटच्या पोराला मारायची धमकी, यांचा माग अंगावर बहुधा राहतच नाही. लैंगिक अत्याचाराची शक्यता असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि इतर संसर्गांच्या तपासण्या सुचवायच्या, पण निवड पेशंटची.

तपासणीची पद्धत उपचाराइतकीच महत्त्वाची. समजा, विजेचे झटके बसलेल्या माणसाचा ईसीजी काढायचा आहे. मशीन बंद असतानाच चिकटपट्ट्या त्याच्या हातात देतात. एक पट्टी आधी तंत्रज्ञ स्वतःच्या मनगटाला लावून दाखवतो. ‘या वायरीतून वीज तुमच्या अंगात जात नाही, तुमच्या हृदयाची वीज कागदावर उमटते’ एवढं एक वाक्य, दुभाष्यामार्फत. मग पट्ट्या त्यालाच लावू देतात आणि ठरवतात की हात वर केला की सगळं थांबेल. एकदा तरी हात वर करून बघितला जातोच, आणि तेव्हा खरंच थांबावं लागतं. ‘झालंच, दोन मिनिटं’ म्हटलं की महिनाभराची कमाई गेली.

दाताच्या दवाखान्यातही तेच. पाण्यात बुडवलेल्याला पाठीवर झोपवून तोंडात पाणी सोडणं म्हणजे काय होईल ते वेगळं सांगायला नको. अशा पेशंटला दुसरीकडे पाठवताना चिठ्ठीत अत्याचाराचं वर्णन लिहायचं नाही. लिहायचं एवढंच: ‘खुर्ची शक्य तितकी उभी ठेवावी. तोंडावर कापड टाकू नये. प्रत्येक हत्यार आधी दाखवावं. हात वर केल्यास थांबावं. बाहेर ताटकळत ठेवू नये.’ ही चिठ्ठी पेशंटला वाचून दाखवून, त्याची संमती घेऊनच जाते.

मन

निर्वासितांच्या सर्वेक्षणांचा मोठा एकत्रित अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार) आणि नैराश्य, प्रत्येकाचं प्रमाण साधारण ३० टक्के आलं, आणि पीटीएसडीशी सगळ्यात घट्ट नातं यातनेचं निघालं. याचा अर्थ सगळेच आजारी पडतात असं नाही. भोगून आलेल्या अनेकांना डॉक्टर नको, काम आणि कागदपत्रं हवी असतात.

पीटीएसडीत भूतकाळ आठवत नाही, तो पुन्हा घडतो. किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकला की शरीर कोठडीत जातं: घाम, धडधड, श्वास अडकणं. जिथे असं होण्याची शक्यता आहे ते टाळता टाळता जग लहान होत जातं. दीर्घकाळ कैदेत राहिलेल्यांमध्ये याच्या जोडीला भावना आवरता न येणं, आपण कवडीमोल झालो असं वाटणं आणि कुणाशीच जवळीक न साधणं हेही दिसतं. २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला ‘जटिल पीटीएसडी’ असं स्वतंत्र नाव मिळालं आहे. अपराधीपणा वेगळाच. मार सहन न होऊन कुणाचं तरी नाव सांगितलेलं असतं आणि तो माणूस पुढे दिसलेला नसतो. ‘तुमची काही चूक नव्हती’ असं लगेच म्हणून टाकलं तर विषय तिथेच बंद होतो. ऐकून घ्यावं लागतं.

सुरुवातीला शिकवतात ते वर्तमानात परत यायचं तंत्र. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट दाबायचे. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, मोठ्याने सांगायचं. आजची तारीख आणि गावाचं नाव उच्चारायचं. रात्री स्वप्नातून दचकून उठणाऱ्याने हे कागदावर लिहून उशाशी ठेवायचं, कारण त्या क्षणी आठवत नाही. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, हा सर्वांना दिला जाणारा सल्ला इथे उलटू शकतो. ज्याच्या डोळ्यांवर महिनोन्‌महिने पट्टी होती त्याला डोळे उघडे ठेवू द्यावेत.

आठवणींवर थेट काम करणाऱ्या पद्धतींपैकी निर्वासितांमध्ये बरीच वापरलेली म्हणजे कथनातून सामोरं जाण्याची पद्धत. जमिनीवर एक दोर अंथरतात. एक टोक जन्माचं, दुसरं टोक गुंडाळलेलं, कारण आयुष्य अजून उरलं आहे. चांगल्या घटनेसाठी दोराजवळ फूल ठेवायचं, वाईटासाठी दगड, लहान किंवा मोठा, ते तो ठरवेल. या टप्प्यावर तपशील नाही, फक्त नाव: ‘आईकडचं घर’, ‘पहिली अटक’. पुढच्या भेटींत जन्मापासून क्रमाने कहाणी सांगत जायचं. दगडापाशी आलं की वेग कमी करायचा: काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगात काय झालं, मनात काय आलं, आणि मध्ये मध्ये, आत्ता अंगात काय होतंय. उपचारक लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, चुकलेलं तो माणूस दुरुस्त करतो. शेवटी पूर्ण जीवनकथा त्याच्या हातात दिली जाते. साधारण आठ ते बारा भेटी, प्रत्येकी दीड ते दोन तास.

वेळ इतका का? भीती चढते, शिखरावर जाते आणि मग उतरते. शिखरावर असताना ‘आजची वेळ संपली’ म्हटलं तर माणूस ती भीती घेऊन घरी जातो, रात्रभर जागतो आणि पुढच्या वेळी येत नाही. एक दगड सुरू केला तर तो घटनेच्या शेवटापर्यंत, सुरक्षित जागेपर्यंत नेऊनच थांबायचं. पन्नास मिनिटांच्या साच्यात ही पद्धत बसत नाही, आणि तरी अनेक ठिकाणी कोंबली जाते.

पुरावा किती भक्कम आहे? यातनापीडितांवरच्या मानसोपचारांच्या प्रयोगांचा कॉक्रेन आढावा (उपचारांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा) २०१४ साली निघाला तेव्हा निकषांत बसणारे प्रयोग जेमतेम नऊ सापडले. उपचार संपता क्षणी फरक दिसला नाही. काही महिन्यांनी पाहिल्यावर मध्यम फायदा दिसला, तोही कमी दर्जाच्या पुराव्यावर. ‘हमखास बरं करतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. औषधांत सर्ट्रालीनसारखी, नैराश्यावरही दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं वापरतात. सुरुवात कमी मात्रेने, सहसा २५ मिलिग्रॅमने. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात हे आधी सांगितलं नाही तर पेशंट दहाव्या दिवशी गोळ्या सोडतो. झोपेसाठी बेन्झोडायझेपिन गटातली गुंगीची गोळी देणं सोपं असतं, पण सवय लागते आणि मूळ आजार जिथल्या तिथे राहतो.

सगळ्यांना एकेकट्याचे उपचार लागतात किंवा परवडतात असंही नाही. आठ-दहा जणांचा गट, आठवड्यातून एकदा, सुमारे दहा बैठका, ही रचना पुष्कळ ठिकाणी चालते. तिथला एक नियम कडक असतो: अत्याचाराचा तपशील गटात सांगायचा नाही, झोप, राग, घर, पुढची वाट यावर बोलायचं. नाहीतर एकाच्या आठवणीने बाकी सात जण कोसळतात.

कागद आणि आठवण

आश्रय मिळणं न मिळणं अनेकदा वैद्यकीय अहवालावर येऊन ठेपतं. तो कसा करावा याची आंतरराष्ट्रीय संहिता म्हणजे इस्तंबूल प्रोटोकॉल; १९९९ साली तयार झाली, २००४ आणि २०२२ साली सुधारली. तिच्यात डॉक्टर ‘यातना झाली’ असं थेट लिहीत नाही. प्रत्येक खुणेपुढे सांगितलेल्या घटनेशी ती किती जुळते याची पायरी लिहितो: जुळत नाही; जुळते, पण इतर अनेक कारणं असू शकतात; बरीच जुळते, इतर कारणं थोडी; अशा घटनेत नेहमी दिसणारी; आणि दुसऱ्या कशानेही होऊ शकणार नाही अशी. मग शरीर, मन आणि कहाणी एकत्र धरून निष्कर्ष. खूण नाही म्हणजे यातना झालीच नाही, असा अर्थ काढायचा नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

शक्यतो हा अहवाल उपचार करणाऱ्याने लिहू नये. तपासणाऱ्याला तारखा, क्रम, विसंगती विचाराव्याच लागतात. उपचारकाने तसं विचारलं की तो पुन्हा चौकशी अधिकारी होतो.

विसंगती हा तर अर्जदाराच्या गळ्यातला फास. पहिल्या मुलाखतीत तीन शिपाई, दुसऱ्या मुलाखतीत चार. झालं, माणूस खोटारडा. ब्रिटनमध्ये बोस्निया आणि कोसोव्होच्या निर्वासितांवर २००२ साली एक अभ्यास झाला. त्यांचं राहणं आधीच पक्कं झालेलं होतं, म्हणजे खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. तरीही दोन मुलाखतींत त्यांच्या सांगण्यात फरक पडले, कडेच्या तपशिलांत मुख्य भागापेक्षा जास्त. पीटीएसडीची लक्षणं तीव्र असलेल्यांमध्ये दोन मुलाखतींतलं अंतर जितकं लांबलं तितके फरक वाढले. जिवावर बेतलेलं असताना नजर बंदुकीच्या नळीवर असते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाही. चांगला वकील मुलाखतीआधी दोन-तीन छोट्या भेटी घेतो, वर्षं आठवत नसतील तर ‘पाऊस होता का, मुलगी तेव्हा चालायला लागली होती का’ असं विचारतो, आणि जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहून घेतो. अंदाजाने ठोकलेली तारीखच पुढे महागात पडते.

या सगळ्यावर निकालाची वाट पाहणं ही स्वतंत्र शिक्षा. महिने, कधी वर्षं. अनेक ठिकाणी काम करायची मुभा नाही, कधी परत पाठवतील सांगता येत नाही. या काळात उपचारांना मर्यादित यश येतं, आणि तो उपचारकाचा किंवा पेशंटचा दोष नसतो. उपयोग होतो तो दिवसाला आकार देण्याचा: भाषेचा वर्ग (दाराजवळची जागा, मधेच बाहेर जायची परवानगी), बागकाम, स्वयंपाकाचा गट, मुलांना शाळेत सोडण्याची वेळ.

काम करणाऱ्यांवरही हे चढतं. समुपदेशकांना वाईट स्वप्नं पडू लागतात, कुणी अति गुंततं, कुणी दगड होतं. आठवड्याच्या यादीत जड केसेस किती असाव्यात याला मर्यादा आणि अनुभवी माणसासोबत नियमित चर्चा, या दोन गोष्टी पगाराइतक्याच पक्क्या हव्यात. बैठकीला दुभाषी, रिसेप्शनवरची व्यक्ती आणि गाडीचा चालक यांना बोलावलंच जात नाही, ही नेहमीची चूक. ऐकलेलं त्यांनीही असतं.

सुधारणा तक्त्यात उशिरा दिसते. त्याआधी ती बारीक गोष्टींत येते: दिवा बंद करून झोपला, बसमध्ये खिडकीशी बसला, डॉक्टरांना ‘आज नको, पुढच्या आठवड्यात’ म्हणाला. हे शेवटचं विशेष चांगलं. भेटी थांबवायची तारीख त्याच्याशी बोलून, पाच-सहा आठवडे आधी ठरवतात. अचानक बंद झालेलं दार त्याने आधी खूप पाहिलेलं असतं. तीन आणि सहा महिन्यांनी फोन करायचा. अटकेची तारीख, मायदेशातली सत्तांतराची बातमी, न्यायालयाचं पत्र, यांपैकी काही आलं की झोप पुन्हा मोडते, हे आधी सांगून ठेवायचं, म्हणजे तो ‘मी पुन्हा बिघडलो’ असं न समजता फोन करेल. आणि आला तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची नाही. त्याची कहाणी फाईलमध्ये आहे, ती काढून वाचायची.